जादू शिकू पाहणाऱ्यांना, पेटीत बसणाऱ्या बाईकडून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुटी लागली की पेपरच्या आतल्या पानांवर शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणं, अबॅकस, सुंदर हस्ताक्षर, आणि आता त्यात जादूही आली आहे. आठवड्याभरात जादूगार, किट आणि प्रमाणपत्रासह. आमच्या शेजारचा नववीतला मुलगा अशाच एका शिबिराला जाऊन आला. परवा संध्याकाळी त्यानं आमच्या ओसरीवर किट मांडलं आणि एकामागून एक जादू दाखवत सुटला. रुमालाचा रंग बदलला, पत्त्यांमधली राणी नाहीशी झाली, दोरी कापली, जोडली, चेंडू गायब केला. दहा मिनिटांत किट संपलं. पोराचा हात वाईट नाही. पण तेवढ्या वेळात समोर बसलेल्या आम्हा बायकांपैकी एकीच्याही तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही. सगळं लक्ष समोर उभ्या करून ठेवलेल्या मोबाइलकडे. हे पत्र त्याच्यासाठी आणि त्याच्या वयाच्या इतर पोरापोरींसाठी लिहिते आहे. आपण छापाल अशी आशा आहे.

मी जादूगार नाही. आमचे हे एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी जादूचे प्रयोग करायचे. शाळांची स्नेहसंमेलनं, गणेशोत्सव, शारदोत्सव, कधी उमरेड, काटोल, सावनेरकडची बोलावणी. लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर स्टेजवर उभी राहू लागले. ट्रे धरणारी, रुमालांना टीप मारणारी, पेटीत बसणारी ती मी. लोक समोरून जादूगाराकडे पाहतात. मी बाजूला उभी राहून लोकांकडे पाहत आले. कोणत्या क्षणी सगळा मांडव पुढे वाकतो, कधी माना मोबाइलकडे (तेव्हा शेंगदाण्यांच्या पुडीकडे) वळतात, हे जादूगारापेक्षा मला जास्त कळतं, असं मी यांच्या तोंडावर म्हणत असे. ते नाही म्हणत नसत.

तर पोरांनो, किट तूर्त कपाटात ठेवा आणि एक नाणं घ्या. दहा रुपयांचं. हातचलाखीची अमेरिकन पुस्तकं त्यांच्या अर्ध्या डॉलरच्या नाण्यावर लिहिलेली असतात. ते 30.6 मिलिमीटरचं, भरदार. आपलं हल्लीचं रुपयाचं नाणं तळव्यात धरायला फारच चिमुकलं आहे. दहाचं 27 मिलिमीटरचं आहे, शिकायला बरं. शिवाय आपल्याकडे कितीतरी दुकानदार ते घ्यायला उगाच नाक मुरडतात, म्हणून ते घरोघरी डब्यात पडलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं चालतं म्हणून सांगूनही आपलं चालूच. असो, जादू शिकणाऱ्यांचा त्यात फायदा आहे.

ते नाणं तळव्याच्या स्नायूंत धरून ठेवायचं. बोटं मोकळी, हात सैल. आणि मग जादू करायची नाही. घरातली कामं करायची. दार उघडा, चपला घाला, गोकुळपेठेच्या बाजारात जाऊन भाजी घ्या, त्याच हातानं पिशवी धरा, पैसे द्या, सुटे घ्या. आमचे हे सायकलच्या मुठीवर हात ठेवून मिलपर्यंत नाणं घेऊन जायचे. मला सुरुवातीला हा माणूस चक्रम वाटला होता. नंतर लक्षात आलं की त्यांचा भरलेला हात आणि रिकामा हात यांत मलाही फरक सांगता येत नाही. नवशिक्याचा चोर हात लगेच ओळखू येतो. तो जरा जास्तच मायेनं वागवलेला असतो, अंगठा आखडलेला, कोपर अंगाला चिकटलेलं. पाहणाऱ्याला युक्ती कळत नाही, पण 'काहीतरी आहे त्या हातात' एवढं कळतं आणि जादू तिथंच मरते. मुलं तर सरळ ओरडतात, "त्या हातात हाये ना, म्या पाह्यलं!"

आरशासमोर सराव करावा का, असं मला बरेच जण विचारतात. करावा, थोडा. पण आरशात तुम्ही स्वतःच्याच हाताकडे बघत राहता आणि ती सवय स्टेजवर सोबत येते. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं त्याहून वाईट. त्याला एकच डोळा, तो हलत नाही, कंटाळत नाही, आणि चुकलं की पुन्हा चित्रीकरण करता येतं. गणपतीच्या मांडवात लेकरं स्टेजच्या दोन्ही बाजूंनी चढलेली असतात, दोन-चार कनातीखालून डोकं घालून मागून पाहत असतात. सुरेश भट सभागृहात किंवा देशपांडे हॉलमध्ये प्रयोग करण्याचं भाग्य लाभेल तेव्हा लाभेल, पहिली बरीच वर्षं तुमची गाठ या कनातीखालच्या पोरांशी आहे.

नजरेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शिबिरात हे शिकवत असतील असं मला वाटत नाही. गुस्ताव कून हे स्वतः जादूगार असलेले मानसशास्त्रज्ञ. 2006 साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू वर फेकतो आणि झेलतो, पुन्हा फेकतो आणि झेलतो. तिसऱ्यांदा फेकल्याचं फक्त नाटक करतो. चेंडू हातातच असतो, पण तो मान वर करून न फेकलेल्या चेंडूकडे पाहतो. पाहणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी जादूगारानं वर न पाहता स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तेव्हा असं म्हणणारे निम्म्याहून कमी झाले. हात दोन्ही वेळा तेच करत होता. फरक फक्त नजरेचा.

आमच्या पुतण्यानं हे मला वाचून दाखवलं तेव्हा हसू आलं, कारण माझी अर्धी नोकरी हीच होती. यांच्या डाव्या हातात जे चाललं असेल ते चालू दे, मी त्यांच्या उजव्या हाताकडे कौतुकानं पाहत राहायचं. मी पाहिलं की पहिली रांग पाहते, पहिली रांग पाहते म्हणून मागची पाहते. मोबाइलसमोर शिकलेला मुलगा वस्तू लपवायच्या नेमक्या क्षणी पडद्यावर आपण कसे दिसतो ते तपासतो. त्याला कोण समजावणार!

एकच जादू किती दिवस घोटायची, हा पुढचा प्रश्न. डाय व्हर्नन नावाचे एक थोर हातचलाख होऊन गेले. 1922 साली त्यांनी प्रत्यक्ष हुडिनीला, म्हणजे त्या काळच्या जगप्रसिद्ध जादूगाराला, पत्त्यांची एक जादू दाखवली. हुडिनीची सही केलेला पत्ता गड्डीत वरून दुसरा ठेवायचा आणि तो पुन्हा पुन्हा सर्वांत वर यायचा. कोणतीही जादू सलग तीनदा पाहिली की आपण पकडतो, असा हुडिनीचा दावा होता. त्यानं ती परत परत करायला लावली आणि शेवटपर्यंत त्याला कळली नाही. 'एकच जादू त्याच लोकांना दोनदा दाखवू नये' हा नियम तुम्हाला प्रत्येक पुस्तकात सापडेल, आणि तुम्ही तो पाळाच. पण व्हर्ननकडे बघा. हालचाल नैसर्गिक असावी याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. ते 98 वर्षं जगले आणि तेच ते पत्ते, कप आणि चेंडू पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाबद्दल, कारण हे कोणत्याच पुस्तकात मिळणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तळहात ओले, त्यात नाणं घसरतं. म्हणून खोलीत कूलर लावायचा, तर कूलरच्या दमट हवेनं कागदी पत्ते फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. पत्त्यांची गड्डी शेवटच्या क्षणापर्यंत डबीत ठेवावी, जवळ दोन असाव्यात. रेशमी रुमाल आणि मेणबत्ती असेल तर कूलर बंद करायला सांगणं भाग आहे आणि ते आधीच ठरवलेलं बरं. ऐन प्रयोगात कूलर बंद केला की मागच्या रांगेतल्या काकांचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा होतो.

आणि एवढ्या उन्हात तो काळा कोट! तो कुठून आला ते तरी माहीत असावं. रॉबेर-हूदँ हा फ्रान्सचा घड्याळजी. हुडिनीनं आपलं रंगमंचावरचं नाव त्याच्याच नावावरून घेतलं. त्यानं 1845 साली पॅरिसमध्ये स्वतःचं छोटं नाट्यगृह काढलं. त्या काळी झगे आणि टोकदार टोप्या घालणारे जादूगार पुष्कळ होते. हा मात्र प्रेक्षक जे कपडे घालून येत तेच घालून उभा राहिला. त्यांच्यात बसणारा गृहस्थ, त्यांच्यासारखाच, आणि तरीही हे करतो! आपल्या मुलांनी त्याचा कोट उचलला, विचार तिथंच ठेवला. आज खामल्यातल्या सोसायटीत जे लोक समोर बसतात ते काय घालतात? स्वच्छ पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, सलवार-कमीज घाला. जादूगार पी. सी. सरकारांचा राजेशाही पोशाख आणि फेटा ही वेगळी गोष्ट होती. ते परदेशी रंगमंचावर भारत घेऊन उभे राहत, तिथं तो शोभायचा. वाढदिवसाला भाड्याचा फेटा घातला की लोक जादूगाराऐवजी फेटाच पाहत बसतात.

सरकारांचं नाव निघालं म्हणून सांगते. 9 एप्रिल 1956. बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी टेबलावर झोपवलेल्या मुलीचे विजेच्या करवतीनं दोन तुकडे केले. मग तिचा हात चोळला, हाक मारली, ती उठली नाही. त्यांनी तिचा चेहरा झाकला, निवेदकानं पुढं येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं आणि प्रक्षेपण बंद. मुलगी मेली असं वाटून बीबीसीचे फोन खणखणत राहिले. लंडनमधल्या त्यांच्या प्रयोगांना मग ही गर्दी. लोक करवतीच्या गोष्टी सांगतात. मला वाटतं खरी करामत घड्याळाची होती. कार्यक्रम कोणत्या क्षणी संपणार हे त्या माणसानं हिशेबात धरलं होतं. आणि त्या मुलीची. दीप्ती डे, वय वर्षं 17. दोन तुकडे झाल्यावर हूं की चूं न करता पडून राहणं हे काम आहे. ज्यांनी केलं नाही त्यांनी त्याला सोपं म्हणू नये. तुमच्याबरोबर बहीण, मैत्रीण, मित्र उभा राहत असेल तर तालमीला त्यालाही तेवढाच वेळ द्या आणि कार्यक्रमाच्या शेवटी त्याचं नाव माइकवरून घ्या. पेटीत बसणाऱ्या बाईच्या वजनावर विनोद करणाऱ्या जादूगारांबरोबर मीही स्टेजवर राहिले आहे. मांडव हसतो, पण पुढच्या रांगेतल्या बाया हसत नाहीत.

गुरू कुठून आणायचा? चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे, म्हणजे आपले जादूगार रघुवीर, यांनी पुण्यात शिकताना रस्त्यावर खेळ करणाऱ्या राणा नावाच्या राजस्थानी जादूगाराकडून ही विद्या घेतली. पुढं देशोदेशी प्रयोग केले. रस्त्यावरच्या माणसाला विंग नाही, पडदा नाही, प्रकाशयोजना नाही. चारी बाजूंनी माणसं, खाली धूळ, आणि आवडलं नाही तर लोक उठून जातात, कारण तिकीट काढलेलं नसतं. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ उकिडवं बसून, बाह्या वर सारून करणारा मदारी आता क्वचित दिसतो. बर्डीवर, एखाद्या आठवडी बाजारात दिसलाच तर थांबा. त्याचे हात बघू नका, ते तो तुम्हाला बघू देणारच नाही. तो गर्दी कशी जमवतो, पैसे मागायच्या आधी गर्दी कशी धरून ठेवतो, ते बघा. युक्ती कळली तर ओरडू नका. फोन काढू नका. पैसे टाका.

(दोरीवर चढून गायब होणारा पोरगा मात्र कुठल्याही बाजारात शोधू नका. या 'भारतीय दोरीच्या जादू'चा जगभर गाजावाजा झाला तो 1890 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं छापलेल्या बनावट बातमीमुळे. चार महिन्यांनी त्यांनी खुलासाही केला, पण तो कोण वाचतो! संपादक महाराज, रागावू नका.)

आता ज्या एका गोष्टीवरून माझं आणि नव्या पोरांचं वाजतं ती. स्टेजवर बोलावलेलं मूल. एका मंडळाच्या कार्यक्रमात मी पाहुणी म्हणून बसले होते. जादूगारानं सातेक वर्षांच्या मुलाला वर बोलावलं, त्याच्या नाकातून नाणी काढली, चड्डीतून अंडं काढलं, माइकवर त्याच्या तोतऱ्या बोलण्याची नक्कल केली. हशा प्रचंड. पोरगा खाली आला तो आईच्या पदरात तोंड खुपसून बसला आणि पुढची एकही जादू त्यानं पाहिली नाही. वर आलेलं मूल हा तुमचा पाहुणा असतो. त्याला नाव विचारा, त्याच्या उंचीवर वाका, जादू त्याच्या हातात होऊ द्या. नाणं त्याच्या मुठीत सापडलं तर ते शाळेत वर्षभर सांगत फिरतं. आमचे हे मुलाला म्हणायचे, "तू फुंकर मारली म्हणून झालं गा, माझ्यानं होत नव्हतं." मूल खाली जाताना दोन इंच उंच झालेलं असायचं.

बोलण्याचंही तेच. शिबिरातून आलेली मुलं 'लेडीज अँड जंटलमेन' म्हणून सुरू करतात आणि पाठ केलेलं हिंदी म्हणतात. घरी जे बोलता ते बोला. नागपुरात मराठीत हिंदी मिसळतेच, मिसळू द्या. वऱ्हाडी आली तर आणखी बरं. पहिला प्रयोग दहा-बारा मिनिटांच्या वर नको. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं गोळा होतात, कोजागरीला गच्चीवर दूध आटत असतं, तिथं करा. प्रमाणपत्र तिथं कुणी मागत नाही. एखादा 'वॉटर ऑफ इंडिया'चा तांब्या मिळाला तर जरूर घ्या. पूर्ण रिकामा केलेला तांब्या दर दोन-तीन जादूंनंतर पुन्हा पाणी ओततो. सरकारांच्या कार्यक्रमातली ही लाडकी गोष्ट. त्यातून थांबायला शिकता येतं. तिसऱ्या वेळी तुम्ही तांब्याकडे नुसतं पाहिलं तरी मुलं ओरडू लागतात.

कबुतर, ससा यांच्या फंदात पडू नका. खेळात प्राणी वापरायचे तर नोंदणीचे नियम आहेत, आपला देशी पोपट तर पाळणंच कायद्यानं बंद आहे, आणि मे महिन्यात कोटाच्या आत त्या जिवाचं काय होत असेल हे कोट घालणाऱ्यानं सांगावं. दुसरं, आपोआप पेट घेणारी रसायनं. ती किटमध्ये येत नसली तरी व्हिडिओ पाहून मुलं आणतात. ती लगेच पेटत नाहीत, काही सेकंद काहीच होत नाही, आणि का होत नाही म्हणून मूल वाकून पाहतं. आईबापांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हल्ली कॉलेजातली मुलं स्वतःला 'मेंटॅलिस्ट' म्हणवतात. मनातला आकडा ओळखणं छान आहे, मी टाळ्या वाजवते. पण मी एकाला ओळखलेल्या आकड्यानंतर एका बाईला तिच्या वारलेल्या नवऱ्याचा निरोप सांगताना ऐकलं, आणि ती रडायला लागली. इथं जादू संपते. जादूटोणाविरोधी कायदा 2013 च्या डिसेंबरात आपल्याच नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. चमत्कार करतो असं भासवून लोकांना फसवणं, त्यातून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. करमणुकीच्या जादूगाराला त्याची भीती नाही, कारण तो आधीच सांगतो की ही हातचलाखी आहे. आमचे हे प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला हे वाक्य म्हणायचे. त्यानं मजा कमी झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांतून बुवांचे चमत्कार करून दाखवतात आणि कसे केले तेही सांगतात. ते सांगितलंच पाहिजे. मात्र रीलवर लाइक मिळावेत म्हणून दुसऱ्या जादूगाराची पोटापाण्याची युक्ती फोडणारा मुलगा स्वतःला त्यांच्या पंगतीत बसवत असेल तर त्यानं उठावं.

शेवटी विनंती मंडळांच्या कार्यकर्त्यांना. गणपतीचे कार्यक्रम ठरवाल तेव्हा एखादं नवं पोरगं-पोरगी आवर्जून बोलवा. स्टेजच्या मागे कुणाला उभं राहू देऊ नका, लहान मुलांना समोर सतरंजीवर बसवा, आरतीनंतर लगेच वेळ द्या, म्हणजे गर्दी असते. महाप्रसादाची पंगत आणि जादू एकाच वेळी लावू नका; जादू हरते. मानधन ठरलं असेल ते त्याच रात्री द्या, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणू नका. आणि पाकिटं दोन करा. एक जादूगाराचं, एक पेटीत बसणारीचं.

आपली,
एक जुनी वाचक,
महाल, नागपूर